रिकाम्या कवचांचं तीर्थ

१५ सप्टेंबर, सोमवार

नवी नोकरी, नवं घर आणि ही नवी रोजनिशी. पितृपक्षात यातलं एकही करू नये म्हणतात. मी तिन्ही एकदम उरकली. भाऊंना तसं म्हटलं तर म्हणाले, पितरांना आपल्याकडे बघायला सवड असती तर बिल्डरने पार्ल्याचं घर वेळेत नसतं का दिलं? भाऊ म्हणजे माझे वडील. जन्मभर पालिकेच्या जलखात्यात ड्राफ्ट्समन होते. त्यांना नकाशातली वाकडी रेघ खपायची नाही, तसा घरातल्या कुणाचा वेंधळेपणाही. आई होती तोवर अर्धी बोलणी तिच्या वाट्याला जायची. आता सगळी माझी एकटीची.

पार्ल्याची बिल्डिंग पुनर्विकासाला गेली म्हणून आम्ही मुलुंड पूर्वेला भाड्याने आलोय. पार्लेकराला मुलुंड म्हणजे जवळजवळ परमुलूख. पण खोटं कशाला बोलू, फ्लॅट छान आहे. हवा खेळती, लिफ्ट चालू, आणि खालचा भाजीवाला कोथिंबीर अजून फुकट घालतो. दिवसभर भाऊंजवळ थांबायला जयंतीबाई मिळाल्यात. भाऊंनी पहिल्याच दिवशी त्यांच्या चहाला नावं ठेवली आणि त्यांनी भाऊंच्या दाढीला. जमेल त्यांचं.

कंपनी पश्चिमेला, एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमधले दोन गाळे जोडून केलेली. शेजारी खाखऱ्याचा कारखाना आहे, त्यामुळे आमच्या लॅबला दिवसभर मेथीचा वास. माणसं मोजकीच. मालक देवव्रत सर. चाचण्या करणारी श्वेता, माझ्याच वयाची. मशिनं सांभाळणारे लवूदादा, देवगडकडचे, पन्नाशी ओलांडलेले. कुणीही आवाज चढवत नाही. आधीच्या कंपनीत दिवस उजाडायचा तो कुणाच्या तरी ओरडण्याने, त्यामुळे मला इथे चुकून देवळात आल्यासारखं वाटलं. झकास.

आम्ही बनवतो पॉलिमरची पोकळ कवचं. इतकी बारीक की चिमटीभर भुकटीत अगणित मावतील. आत औषध भरायचं, आणि ते शरीरात गेल्यावर कवचाच्या भिंतीतून थोडं थोडं, ठरलेल्या वेगाने बाहेर पडतं. मी इथे आले ती याचसाठी. भाऊंना कंपवात आहे. गोळी घेतली की थोडा वेळ बरे असतात, मग तिचा असर ओसरतो आणि माणूस लाकूड होतो. मुलाखतीतच मी सरांना विचारलं की हे औषध आपल्या कवचात भरता येईल का. ते म्हणाले, पुढचं काम तेच, आणि ते तूच करायचंस. पगाराचं न विचारताच मी हो म्हटलं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

काम हाताला बसतंय. आधी खडूचे अगदी गोल, बारीक कण घ्यायचे. त्यांच्यावर पॉलिमरचे थर चढवायचे, एक थर समुद्रातल्या शेवाळापासून काढलेला, दुसरा कोळंबीच्या टरफलांपासून. हे दोन एकमेकांना धरून बसतात. पुरेसे थर झाले की आतला खडूचा कण हलक्या आम्लात विरघळवून टाकायचा. तो भिंतीतून झिरपून जातो आणि मागे नुसतं कवच उरतं, सारण न भरलेल्या करंजीसारखं. मग औषध भरायचं. प्रत्येक खेपेतली काही कवचं मुद्दाम रिकामी ठेवतात, तुलनेसाठी. त्यांना इथे सगळे 'कोरी' म्हणतात.

कोळंबीचं ऐकून भाऊ म्हणाले, म्हणजे आमच्यासारख्या शाकाहाऱ्याला मरणाच्या दारात मासे खायला लावणार तुम्ही.

आज चहाच्या वेळी लवूदादांनी त्यांच्या आईची गोष्ट सांगितली. ती खळ्यात सुकट राखत बसायची आणि कावळे आले की हात हलवून बांगड्या वाजवायची. होता होता कावळ्यांनी हिशेब उलटा केला: बांगड्या वाजतायत म्हणजे तिथे सुकट आहे. गावभरचे कावळे तिच्या बांगड्यांच्या आवाजावर जमायला लागले, आणि शेवटी बिचारी बांगड्या काढून, पदराखाली हात घेऊन बसायची. दादा हे इतकं बारीक सांगत होते की मला खळ्यातल्या सुकटीचा वास आला. देवव्रत सर आणि श्वेता मान खाली घालून ऐकत होते. कुणी हसलं नाही. मी एकटीच खो खो हसले आणि मग ओशाळले.

२४ सप्टेंबर, बुधवार

आज भाऊ न्हाणीघराच्या दारात अडकले. उंबरठा दिसला की या आजारात पायच उचलत नाहीत. जयंतीबाई बाजारात गेल्या होत्या आणि मी निघायच्या गडबडीत. बराच वेळ दाराला धरून उभे होते, हाक मारली नाही. मी पाहिलं तेव्हा म्हणाले, "माझा आता मुंबईचा नळ झालाय. पाणी येतं तेवढ्या वेळात भरून घ्यायचं." मी हसले आणि आत जाऊन रडले. हे औषध लवकर झालं पाहिजे. मला दुसरं काही नको.

लॅबमध्ये एक विचित्र गोष्ट. लवूदादांना सहज म्हटलं की खाखरेवाल्याच्या पत्र्यावर कावळे जमलेत, तुमच्या आईला बोलवायला हवं. ते माझ्याकडे सभ्यपणे बघत राहिले. कसले कावळे, म्हणाले. मी बांगड्यांची आठवण दिली तर मान हलवली, नाही. मला वाटलं, दुखावले. नंतर श्वेताला सांगितलं तर ती नळ्या धुता धुता म्हणाली, "अगं, त्यांचं ते सांगून झालं ना. आता कसं असेल?" मला काही कळलं नाही. तिला त्यात समजावण्यासारखं काही वाटलं नसावं.

१ ऑक्टोबर, बुधवार

आज खंडेनवमी. सकाळी सगळ्यांनी मिळून मशिनं पुसली, झेंडूच्या माळा घातल्या, सेंट्रिफ्यूजलासुद्धा हळदकुंकू. श्वेताने दारात रांगोळी काढली. नारळ फुटला, पेढे झाले. इथवर सगळ्या इस्टेटमध्ये जे चालतं तेच.

मग सरांनी पंचपात्र आणलं. त्यात दुधी पाणी होतं. कंपनी निघाली त्या वर्षापासूनची प्रथा आहे म्हणे: खंडेनवमीला कोऱ्या कवचांचं पाणी तीर्थ म्हणून घ्यायचं. जे लोकांच्या पोटात घालणार ते आधी आपल्या पोटात गेलं पाहिजे, असा सरांचा विचार. मला तो आवडला. क्षणभर शिक्षण आडवं आलं, पण शेवाळ आणि टरफलं, दोन्ही खाण्यातले पदार्थ, आणि आत औषध नाही. रिकाम्या कवचाने काय होणार? उजव्या हाताची ओंजळ पुढे केली, पळीभर तीर्थ प्यायले आणि हात डोक्यावरून फिरवला. चव जराशी खारट.

निघताना श्वेताने बाटलीत थोडं भरून दिलं. घरच्यांना नेल्याशिवाय प्रसाद पुरा होतो का, म्हणाली. खरंच आहे. आईने कुठल्याही पूजेहून रिकाम्या हाताने येणं कधी चालवून घेतलं नाही.

भाऊ देव मानत नाहीत. पण आईमागे तिच्या रीती मोडत नाहीत. "नलूने आणलं असतं तर मुकाट प्यालो असतो, मग तुझ्यापुढे कशाला मिजास?" म्हणाले. त्यांना काहीही नवीन द्यायचं तर आधी मी घेऊन बघते, तसं आजही एक चमचा घेतला, मग त्यांना दिला.

५ ऑक्टोबर, रविवार

हात थांबलाय!

आज भाऊंनी स्वतःची दाढी स्वतः केली. कुठेही कापलं नाही. मग कागद मागितला आणि सुबक, ठसठशीत अक्षरात लिहिलं: जयंतीबाईंचा चहा म्हणजे गरम केलेलं मिठी नदीचं पाणी. गेली दोन वर्षं त्यांचं अक्षर मुंगीएवढं झालं होतं. मी तो कागद घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून रडले.

गोळ्या त्याच, वेळा त्याच. नवीन फक्त तीर्थ. हे होणं शक्य नाही हे मला कळतं. पण कळतं म्हणून थांबणारी मी कोण? श्वेताकडे आणखी मागितलं. तिने का म्हणूनही विचारलं नाही, मोठी बाटली भरून दिली. आता रोज सकाळी एक चमचा आधी मी, एक चमचा भाऊ.

आज आईची फार आठवण येतेय, लिहूनच ठेवते. हॉस्पिटलमधला तिचा शेवटचा दिवस. तिला मोसंबीचा रस हवा होता आणि नर्स देत नव्हती. मी पदराआड लपवून गाळलेला रस चमच्याने पाजला. तिचे ओठ सुकून पांढरे झाले होते, केसांना खोबरेल तेलाचा वास होता, आणि खिडकीत कुणीतरी विसरलेला प्लास्टिकचा ससा होता. ती म्हणाली, "यांचं बोलणं मनावर घेऊ नकोस, गंधाली. जोवर टाकून बोलतात तोवर शाबूत आहेत. बोलायचे थांबले तर मात्र काळजी कर." मी हो म्हटलं. मग तिने माझं बोट धरलं, ते संध्याकाळपर्यंत.

लिहून हलकं वाटलं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

आज जरा उशिरा निघायचं होतं, म्हणून भाऊंबरोबर चहा घेतला. आंघोळ करून येऊन बसले आणि न विचारता सांगायला लागले. लग्नाच्या पहिल्या वर्षी आईला गोरेगावच्या स्टुडिओत शूटिंग दाखवायला घेऊन गेले होते. तिथे दुमजली बंगल्याचा सेट होता. आईला आतलं स्वयंपाकघर बघायचं होतं. कुणाचं न ऐकता ती मागे गेली, तर मागे नुसते बांबू. ती जी संतापली! एवढा बंगला बांधता, निदान मोरी तरी बांधायची, असं तिने त्या सेटवाल्याला सुनावलं. भाऊंनी तिच्या साडीचा काठ, चपलेचा तुटलेला अंगठा, सेटवाल्याच्या कानातली बिडी, सगळं सांगितलं. मला हे कधीच कुणी सांगितलं नव्हतं. मी हसून हसून बेजार. सांगून झाल्यावर ते लगेच झोपले.

घरात आता शांत असतं. भाऊ हल्ली टाकून बोलत नाहीत. बरंच झालं, म्हातारपणी माणूस निवळतो.

१२ ऑक्टोबर, रविवार

सकाळी न्हाणीघराचा नळ गळत होता तेव्हा मी म्हटलं, भाऊ, आहे ती मोरी तरी नीट ठेवायला हवी, नाहीतर आई सेटवाल्यासारखं सुनावेल. भाऊ माझ्याकडे बघत राहिले.

लवूदादांनी बघितलं होतं अगदी तसं.

सगळा प्रसंग परत सांगितला. ऐकून घेतला. म्हणाले, असं झालं असेल.

जयंतीबाईंना विचारलं. रोज आंघोळीनंतर भाऊ एक काहीतरी सांगतात, असं त्या म्हणाल्या. ठरल्यासारखं, रोज एकच, पुरतं. त्यांना ते आवडायला लागलं होतं. मग जरा घुटमळल्या आणि म्हणाल्या, "ताई, सांगून झालं ना, की त्यांचा चेहरा फडक्याने पुसल्यासारखा होतो. आणि मला आता ते काही बोलत नाहीत. परवा मी चहात साखर विसरले, तरी ते सगळा प्यायले."

मी बाटली बेसिनमध्ये ओतली.

१५ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी बोटाला सुई टोचली. रक्ताच्या थेंबात कोरी कवचं टाकली आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. काही व्हायला नको होतं.

ती भरली. एकामागून एक, डोळ्यांदेखत. भोवतालचं काहीतरी आत ओढून घेऊन ती गच्च, काळसर झाली. मग थांबली, आणि थोड्या वेळाने सगळ्यांनी मिळून एकाच क्षणी एकेक कण बाहेर सोडला. पुन्हा थांबली. पुन्हा सोडला. ठरलेल्या वेगाने, जशी आम्ही शिकवली होती तशी. श्वेताला दाखवलं. ती म्हणाली, रिकामी कशी राहतील गं?

रक्तातलं काय ओढून घेतलं ते कुठल्याच चाचणीत येत नाही. रक्त आहे तसंच आहे.

लवूदादांकडे गेले. किती वर्षं तीर्थ घेताय, विचारलं. पहिल्यापासून, दर खंडेनवमीला एक पळी. मग मी त्यांना त्यांच्या आईचं नाव विचारलं. त्यांनी खरोखर आठवून पाहिलं. डोळे मिटले, कपाळाला आठ्या घातल्या. मग अगदी शांतपणे म्हणाले, "आवस आसतली मा. सगळ्यांका आसता."

वर्षाला एक पळी. मी भाऊंना रोज दिलं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

सरांशी बोलले. त्यांना माहीत आहे. दुसऱ्या वर्षापासून माहीत आहे. औषध भरलेलं कवच असं करत नाही, फक्त कोरी. भिंत विरघळवायला काही आहे का, म्हटलं. नाही, भिंत टिकावी म्हणूनच तर एवढे थर, म्हणाले. आत आहे ते सुटून संपेपर्यंत ती काम करत राहणार.

मी ओरडले. त्या लॅबमध्ये बहुधा पहिल्यांदाच कुणी ओरडलं. मग तीर्थ का देता, सर? का?

ते रागावले नाहीत. त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला, बराच वेळ. मग म्हणाले, "प्रथा आहे." आणि मला चहा हवा का विचारलं.

नोकरी सोडली. घरी बसून भाऊंचे हात बघतेय. अगदी स्थिर आहेत. हेच मागितलं होतं मी.

२० ऑक्टोबर, सोमवार

पहाटेचं अभ्यंग उशिरा उरकलं. उटणं लावून भाऊंना आंघोळ घातली. चकलीचा तुकडा तोंडात घालून म्हणाले, छान आहे. दरवर्षी म्हणायचे की दात पालिकेचे नाहीत, माझे आहेत.

मग खुर्चीत ताठ बसले आणि सुरुवात केली. नलू म्हणजे —

मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. सांगितलंच नाही तर जाणार नाही, असं वाटलं मला. त्यांनी डोळे मोठे केले. मग अंग थरथरायला लागलं, आजारातलं थरथरणं नव्हे, पायापासून डोक्यापर्यंत, खुर्ची फरशीवर वाजायला लागली. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी. मी हात काढला नाही. जयंतीबाई ओरडल्या, "ताई, मरेल तो माणूस!"

काढला.

त्यांनी सगळी नलू सांगितली. लग्नाआधीपासून. मी जमिनीवर बसून ऐकली. दुपार झाली. मग त्यांनी भिंतीवरच्या तसबिरीकडे बघितलं, चंदनाच्या हाराकडे बघितलं, आणि या कोण, असं मला विचारलं.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

ही वही पहिल्यापासून वाचली.

पाच तारखेचं पान. हॉस्पिटल, मोसंबीचा रस, प्लास्टिकचा ससा. अक्षर माझं आहे. मला यातलं काही आठवत नाही. काहीच नाही. कुणा परक्या बाईचं मरण वाचावं तसं वाचलं. आणि ती सांगून गेली होती — बोलायचे थांबले तर काळजी कर. सांगून गेली होती, आणि मी ते लिहून टाकलं, आणि चार दिवसांनी लिहिलं, बरंच झालं, शांत झालं.

भाऊ बोलून टाकतात. मी लिहून टाकते.

नुसता उल्लेख झाला तर जात नाही. भाऊ नलू, नलू म्हणत होते तोवर ती होती. पूर्ण सांगितली तेव्हा गेली. म्हणजे मी पूर्ण काही लिहायचं नाही. जे ठेवायचं आहे ते तर अजिबात नाही.

२५ ऑक्टोबर, शनिवार

आज भाऊंनी मला सांगितलं.

गंधा सांगितली. मलाच. पाहुणीला सांगावं तसं. जन्मली तेव्हा किती काळी होती, शाळेत बाईंना चावली, बारावीला नापास होणार म्हणून घरातून — सगळं. मी अडवलं नाही. ती थरथर परत बघवणार नाही मला. मध्येच ते इतके हसले, इतकं प्रेम होतं त्या चेहऱ्यावर, की मी त्यांचा हात धरून ठेवला. वाटलं, धरून ठेवला की —

मग चेहरा पुसला गेला.

हात हळूच सोडवून घेतला. "ताई, तुम्ही फार करता हो माझं," म्हणाले. "तुमच्या घरी कोण कोण असतं?"

२८ ऑक्टोबर

त्यांचं सांगून संपलंय. सकाळी खुर्चीत बसतात, तोंड उघडतात, मिटतात. बाहेर बघतात. नेमून दिलेलं सगळं करतात.

ते कोण आहेत हे आता मला एकटीलाच आतून माहीत आहे. जयंतीबाईंना नाव माहीत आहे, नातं माहीत आहे. पण लवूदादांनाही आई असणारच हे माहीत होतं. मी विसरले तर हा माणूस जगात कुठेच उरणार नाही. समोर बसलेला असून.

म्हणून लिहायचं नाही. त्यांच्याबद्दल नाही.

बाकी काय हवं ते जा. शाळा लिहिली. कॉलेज लिहिलं, वेगळ्या कागदावर, आणि टाकून दिलं. जिथे आधी राहायचो ती जागा. एक मैत्रीण. काल कुणी मुलगा लिहिला, बराच लिहिला. कोण होता ठाऊक नाही. रोज काहीतरी द्यावं लागतं, नाहीतर अंग —

३० ऑक्टोबर

काल दिलं नाही. देण्यासारखं दुसरं राहिलं नाही. दिवसभर थरथर. दात वाजून जीभ चावली. जयंतीबाईंनी पेन लपवलं, मीच सांगितलं होतं. मग मीच त्यांच्या हातातून —

नाही. भाजी लिहू. दुधी, गवार, पालक —

भाजीने भागत नाही.

३१

एकच राहिलंय. एकच. आत घट्ट धरून बसलेय. समोर बसलेत ते. माझ्याकडे बघून हसले आत्ता, सभ्यपणे. मला ठाऊक आहे ते कोण. ठाऊक आहे. लिहायचं नाही, लिहायचं नाही. जयंतीबाई, पेन —

हात ऐकत नाही

मी सात वर्षांची होते. दाढ काढायची होती. दातांच्या दवाखान्यात खुर्चीवर बसेना, दाराला धरून किंचाळत होते. भाऊ म्हणाले, थांब, आधी मी. भाऊंची एक दाढ किडली होती, पण दुखत नव्हती, काढायची काही गरज नव्हती. ते खुर्चीत बसले आणि डॉक्टरला म्हणाले, काढा. सुई टोचली तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघून डोळा मारला. दाढ निघाली. तोंडात कापसाचा बोळा धरून ते हसले. पांढरा सदरा होता, त्याच्या दुसऱ्या गुंडीवर रक्ताचा थेंब. त्यांनी दाढ माझ्या हातात ठेवली. ऊन होती. त्यांना बोलता येत नव्हतं तरी म्हणाले, बघ, काही नाही होत, गंधा. मग मी खुर्चीत बसले. कुणीतरी माझ्या डोक्यावर हात ठेवला होता. सगळा वेळ ठेवला होता. मोठा हात, शाईचा वास. कुणीतरी म्हणत होतं, झालं, झालं. पांढरा सदरा. मी वर बघितलं तर कुणीतरी हसत होतं, तोंडात कापूस. कुणीतरी माझ्या आधी त्या खुर्चीत बसलं होतं, माझ्यासाठी. कुणी

समोर एक आजोबा बसलेत. रडतेय म्हणून मला रुमाल देतायत. कशासाठी रड